टिटवीची झेंडी

नागपूरचा उन्हाळा मला आवडतो असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. बघू देत बापा. जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीत कूलरचं गवत बदलून देणाऱ्याची हाक आली, त्या नव्या गवताचा ओला वास खोलीभर पसरला, की माझे पाय चुळबुळ करायला लागतात. समोर तिसरी ‘ब’च्या पेपरांचा गठ्ठा असतो, हातात लाल पेन असतं, आणि मन मात्र खाप्याच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून बसलेलं असतं. बावन्न वर्षांच्या बाईने सुट्ट्यांची अशी वाट बघावी का, असं माझ्या शाळेतल्या बाया विचारतात. का नाही बघावी? सुट्टी काय फक्त पोरांनाच असते?

यंदा तर परवा पहाटे गच्चीवर झोपलेली असताना टिटवी डोक्यावरून ओरडत गेली. शेजारीण खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, “काहीतरी वाईट होणार वं.” मी चादरीत तोंड घालून हसले. टिटवी ओरडली म्हणजे वाईट होतं हे लहानपणी मीही ऐकलंय. पण एका उन्हाळ्यात याच टिटवीने आमच्या घरी जे करून ठेवलं, ते आठवलं की मला तिला बोलवून दाणे घालावेसे वाटतात. ती दाणे खात नाही, किडे खाते, तो भाग वेगळा.

माझं माहेर खाप्याजवळचं. मॅंगनीजच्या खदानीला लागून वस्ती. खदान आता बंद आहे, पण माझं सगळं लहानपण त्या काळ्या दगडाच्या धुळीत गेलं. शाळेची वही काळी, वाळत घातलेले कपडे काळे, बाबांच्या हातांच्या रेषा काळ्या. बाबा खदानीत बारूद लावायचं काम करायचे. वस्तीत त्यांना सगळे बारूदवाले भाऊ म्हणत, आणि मी बारूदवाल्याची पोट्टी. दुपारी भोंगा व्हायचा. त्याआधी रस्त्यारस्त्यावर लाल झेंड्या लागायच्या. झेंडी दिसली की जो जिथे असेल तिथे थांबायचा. डोक्यावर पाण्याची घागर असो की कडेवर पोर असो, पुढे पाऊल टाकायचं नाही. खदानीकडे पाठ करायची, कानात बोटं घालायची आणि उभं राहायचं. मग जमीन पोटातून हादरायची, भांडी वाजायची, आणि बाबांची शिट्टी झाली की सगळं पुन्हा सुरू. आमच्याकडे पळणं म्हणजे तेवढंच, भोंगा झाला की खदानीतल्या माणसांनी आडोशाला जाणं. कोणी मजा म्हणून पळतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

आता त्याच जागेवर लोक मजा म्हणून पळतात. खदान बंद झाल्यावर मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावली. शिसू, बांबू, करंज, आवळा. पहिली काही वर्षं ती नुसती काड्यांसारखी उभी होती. वस्तीतले लोक हसायचे, म्हणायचे, पोटातली माती वर काढून ठेवली, तिच्यात काय उगवते? उगवलं. खदानीच्या खड्ड्यात हिरवट निळं पाणी साचलं, त्यावर बदकं आली. मागून नीलगायी आल्या, ससे आले, मोर तर इतके झाले की त्यांचं कोणाला कौतुक राहिलं नाही. मग फाटक बसलं, निसर्ग उद्यान अशी पाटी लागली, आणि पळणाऱ्यांसाठी वाटा आखल्या गेल्या. पाट्यांवर त्यांना छान नावं आहेत, पळस पथ, बांबू पथ, जल पथ. वस्तीतलं कोणी ती नावं घेत नाही. आमच्यासाठी तो डंपरचा रस्ता, तो चढाव, आणि ती बारूदघराची वाट. रविवारी नागपूरहून गाड्या भरून माणसं येतात, पोपटी बूट घालतात, मनगटावरचं घड्याळ दाबतात आणि पळतात. बाबा फाटकाजवळच्या दगडावर बसून त्यांना बघतात आणि दर रविवारी तेच विचारतात, “काहून पळून राहिले हे? मागं तं कोनीच नाई.”

त्या उन्हाळ्यात आमच्या प्राचीच्या मागे मात्र होतं. प्राची माझ्या भावाची मुलगी. उंच, सडसडीत, बोलायला कमी आणि मनाला लावून घ्यायला जास्त. आदल्या वर्षी ती पोलीस भरतीला गेली होती. जाताना सगळी वस्ती लोटली. विहारात वंदना झाली, पेढे वाटले, आणि कोणा उत्साही माणसाने, नाव घेत नाही, तो आजही वस्तीतच राहतो, चौकात फ्लेक्स लावून टाकला. प्राचीचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘हार्दिक अभिनंदन’. अजून मैदानावर पाय ठेवला नव्हता तिने! आठशे मीटर पळताना शेवटच्या वळणावर ती अडखळली, पडली, उठून पळाली, पण वेळ गेली ती गेलीच. घरी आली तर चौकात तिचंच अभिनंदन. तो फ्लेक्स कोणी काढेना, कारण काढणार कोण आणि काय म्हणून काढणार? शेवटी वाऱ्याने सुटला आणि कोणाच्या तरी गोठ्यावर ताणला गेला. पोरगी वर्षभर त्या गल्लीतून जायची नाही.

म्हणून पुन्हा भरती निघाली तेव्हा तिने कोणालाच सांगितलं नाही. आईला नाही, बापाला नाही, आबांना, म्हणजे माझ्या बाबांनाही नाही. मला सांगितलं, तेही मी सुट्टीत पोचल्या दिवशी, विहिरीवर धुणं धुताना. “आत्या, कोनाले बोलशीन तं मी फॉर्मच मागं घेईन.” मी शपथ घेतली. मग आम्ही दोघींनी मिळून एक नाटक रचलं. आत्याला शुगर आहे, डॉक्टरने पहाटे चालायला सांगितलंय, एकटी कशी जाईल, म्हणून प्राची सोबत. शुगर मला खरंच आहे, त्यामुळे खोटं फार नव्हतं. एवढंच की चालता चालता मलाही पळावं लागलं. पंजाबी ड्रेस, डोक्याला ओढणी, पायात शाळेच्या खेळाच्या तासाचे पांढरे बूट. माझं ते रूप बघून उद्यानातले मोरसुद्धा बाजूला व्हायचे.

काय त्या पहाटा होत्या! दिवसा ज्या जमिनीवर पाय ठेवता येत नाही, ती पहाटे चक्क गार असते. करंजाची फुलं पडून वाट पांढरी झालेली असायची आणि तिच्यावर पाऊल पडलं की आवाजच यायचा नाही. आधी चढाव, मातीचा तो मोठा ढिगारा, तिथे मी प्राचीला शिव्या देत चढायचे. वर पोचलं की खाली पाणी, पलीकडे कन्हानचं कोरडं पात्र आणि पात्रातल्या डांगरवाड्या, टरबूज-खरबुजाचे हिरवे पट्टे. मग पाण्याला वळसा, आणि शेवटी डंपरचा रस्ता. सरळ, सपाट, रुंद. एका टोकाला बारूदघराची पडकी भिंत, दुसऱ्या टोकाला वस्ती. त्या पूर्ण टापूत तेवढीच एक जागा होती जिथे प्राचीला जीव तोडून पळता यायचं. मी भिंतीपाशी उभी राहून टाळी वाजवायचे, मोबाइलवर वेळ लावायचे, आणि ती सुटायची. उजाडून लोक रस्त्याला लागायच्या आत आम्ही घरी. कोणी बघता कामा नये, हीच तिची अट होती. पोरगी पडण्याला भीत नव्हती. पडताना कोणी बघेल याला भीत होती.

आणि एका पहाटे त्याच रस्त्यावर टिटवीने अंडी घातली.

घरटं कसलं, चार खडे बाजूला सारून केलेली जागा. अंड्यांचा रंग अगदी तिथल्या खड्यांसारखा, मातकट, वर काळे ठिपके. प्राचीचा पाय वीतभर अंतराने चुकला. टिटवीने असा काही गोंधळ घातला की मी मटकन खालीच बसले. दोघीही तिच्यावर चिडलो. इतकं रान पडलंय, बाई, तुला हीच जागा सापडली? पण दुसरीकडे पळायला जागाच नव्हती. मग रस्त्याच्या दुसऱ्या कडेने पळायचं ठरवलं. टिटवी रोज डोक्यावर झेप घ्यायची आणि प्राची ओढणी कमरेला घट्ट बांधून तिच्याखालून पळायची. मला तर वाटतं, त्या आठवड्यात तिचा वेग वाढला त्यात टिटवीचा वाटा मोठा आहे.

माझी जीभ कुठे गप्प बसते? रात्री जेवताना मी बोलून गेले, “बाबा, डंपरच्या रस्त्यावर टिटवीची अंडी आहेत. सायकली जातात तिथून, फुटतील.” बाबांनी मान हलवली आणि वरण वाढायला सांगितलं. बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या, पण जरा उशिरा निघालो. आमच्या मागून बाबा उठले. वहिनीच्या लाल परकराचे दोन तुकडे त्यांनी रात्रीच काठ्यांना बांधून ठेवले होते. एक झेंडी त्यांनी रस्त्याच्या वस्तीकडच्या टोकाला रोवली आणि दुसरी हातात घेऊन, टिटवीला त्रास नको म्हणून करंजांच्या मागच्या पायवाटेने, बारूदघराच्या टोकाकडे निघाले. कोणाला काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं, सांगायचं काय त्यात? झेंडी लावली की लोक जपून जातील.

पण ती वस्ती कोणाची? खदानीची. डांगरवाडीवर जाणाऱ्या बाया आल्या, झेंडी पाहिली, थांबल्या. दूधवाला आला, सायकलवरून उतरला. दोन म्हातारे काठी टेकत आले, थांबले. खदान बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी एकाचंही पाऊल पुढे पडलं नाही. त्यात त्यांना लांबवर कोण दिसलं? स्वतः बारूदवाले भाऊ, हातात लाल झेंडी घेऊन बारूदघराकडे जाताना! मग शंका घ्यायला जागाच कुठे उरली? उद्यानवाल्यांनी काही काम काढलं असेल, आज बारूद उडणार, असं धरून सगळे उभे राहिले.

इकडे मी टाळी वाजवली आणि प्राची सुटली. तेवढ्यात बाबा माझ्या बाजूला करंजातून बाहेर आले आणि ओरडले, “अवं, थांबव तिले! अंडी हायेत तिकडं!” कुठली थांबते. टिटवी डोक्यावर किंचाळत होती, धूळ उडत होती आणि आमची पोरगी सुसाट जात होती. रस्त्याच्या टोकाला मला माणसं दिसली. मीही धावत सुटले.

मी पोचले तेव्हा प्राची गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली होती आणि सगळे तिला रागवत होते. “लाल झेंडी दिसत नाई का वं? जीव जास्त झाला का?” कौसाबाई, आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, डोक्यावर टोपली, दोन्ही कानात बोटं, डोळे गच्च मिटून उभी होती. मी धापा टाकत म्हटलं, “अगा, बारूद नाही! टिटवीची अंडी आहेत!” क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जे हसू फुटलं ते थांबेना. दूधवाला तर रस्त्यावरच बसला. कौसाबाईने एक बोट काढलं आणि विचारलं, “उडली का?”

हसता हसता कोणाचं तरी लक्ष प्राचीकडे गेलं. कमरेला ओढणी, पायात बूट, घामाने चिंब. “म्हंजे पुन्हा भरतीचं चालू हाये म्हना की,” दूधवाला म्हणाला. वाईट हेतूने नव्हे, सहज. पण प्राचीचा चेहरा असा उतरला की मला त्याच्या कॅनमधलं दूध नाल्यात ओतावंसं वाटलं. ती तशीच घरी निघून गेली.

घरी मी बाबांवर तोंडसुख घेतलं. तुम्हाला कोणी सांगितलं होतं झेंड्या लावायला, एवढी समाजसेवा कशाला, वगैरे वगैरे. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. आतून प्राचीचा आवाज आला, “आता मी नाई जात. मागच्या खेपेले साऱ्यानं पाह्यलं. पुन्हा तेच पाहू द्यायचं का त्याइले?” मग ती रडली. वर्षभराचं साचलेलं रडली. बाबांना भरतीचं काहीच माहीत नव्हतं, ते आता कळलं. त्यांनी चप्पल घातली आणि संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर जिथे म्हातारी माणसं बसतात तिकडे गेले. तिथे ते काय बोलले, मी आजवर विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी प्राचीला उठवलं. नाही म्हणाली. मी म्हटलं, पळू नको, नुसती अंडी शाबूत आहेत का बघून येऊ. पाय ओढत आली. बारूदघराच्या भिंतीपाशी पोचलो आणि मी रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. झेंडी होती. माणसंही होती, कालच्यापेक्षा जास्त. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. मग उजेड थोडा वाढला आणि दिसलं की एकाचंही तोंड आमच्याकडे नव्हतं. सगळे पाठमोरे उभे होते. बाया, दूधवाला, म्हातारे, आणि सगळ्यांच्या पुढे झेंडीजवळ बाबा, तेही पाठमोरे. खदानीच्या दिवसांत उभे राहायचे तसेच, गुमान.

प्राची किती तरी वेळ बघत राहिली. मग मी टाळी वाजवली.

ती पळाली. टिटवी ओरडली. पोरगी त्या पाठींच्या रांगेजवळून वळली, निंबाखालून घराकडे निघून गेली, तेव्हा बाबांनी झेंडी खाली घेतली आणि लोक आपापल्या कामाला लागले. मग हे रोजचंच झालं. घाई असलेली माणसं खालच्या पायवाटेने जायची, पण बरेचसे मुद्दाम थांबायचे. नळावर मी कौसाबाईला म्हटलं, “कौसाबाई, तुमचे फार उपकार झाले.” तिने डोळे मोठे केले. “कायचे वं? आमाले काय मालूम तिथं काय होते? आमी तं पाठ करून असतो.” मग घागर उचलता उचलता हळूच म्हणाली, “पन आज पाय जड वाजले तिचे. काल चांगले वाजले होते.”

“तुमच्या कानात तर बोटं असतात ना?”

“एकाच कानात,” ती म्हणाली.

हे मी प्राचीला सांगितलं तर ती हसली. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती घरी आली की आधी मला विचारायची, “कौसाआजी काय म्हने? कसे वाजले?”

अंडी फुटली आणि पिल्लं निघाली, तेव्हा आमची वस्ती बारसं असावं तशी लोटली. लांब उभे राहून, पाठ न करता, सगळ्यांनी ती खड्यांच्या रंगाची, काडीसारख्या पायांची पिल्लं पळताना पाहिली. अंड्यातून निघून अंग वाळलं की लगेच पळायला लागतात ती! मला त्या खदानीची जमीन तेव्हा पहिल्यांदा आमची वाटली. लहानपणी ती जमीन बाबांच्या कामाची होती, आणि त्याआधी कोणाची होती कोण जाणे. जिथे दिवसातून एकदा सगळ्यांनी धरून ठेवलेला श्वास सोडायचा, तिथे एका पाखराला अंडी घालावीशी वाटली. मी मास्तरीण आहे, मला यातून धडा काढायची खोड आहे, पण त्या दिवशी मी काही काढला नाही. नुसती बघत उभी राहिले.

यंदाही सुट्टी लागली की मी जाणार आहे. चढावावर आता मला दोनदा थांबावं लागतं. झाडं इतकी वाढलीत की वरून पाणी दिसत नाही, फक्त बदकांचा आवाज येतो. प्राची सोबत नसते. पुढे लेखी परीक्षाही निघाली तिची, आणि सध्या ती खाकी घालून नागपुरातल्या एका चौकात उन्हात उभी असते. मी रामदासपेठेत डॉक्टरकडे जाताना दिसले तर शिट्टी वाजवून मलाच थांबवते आणि विचारते, “आत्या, शुगर किती हाये?” कौतुक तर आहेच. पण त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते भरतीच्या मैदानाबाहेरचं ऊन.

आम्ही दोघी पहिल्या बसने आलो होतो. वस्तीत सांगितलं, कूलरची मोटर आणायला जातोय. सगळ्यांनी मान डोलावली, कोणी पेढा दिला नाही की शुभेच्छा दिल्या नाहीत. मैदानाच्या भिंतीबाहेर मी इतर आयाबापांबरोबर निंबाखाली बसले. आतून शिट्ट्या ऐकू यायच्या, टाळ्या ऐकू यायच्या, आणि कोणासाठी ते कळायचं नाही. मी ओढणीचं टोक चावून चावून ओलं केलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा फाटकातून प्राची बाहेर आली. गुडघे धुळीने माखलेले. माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. ती म्हणाली, “पडली नाई वं. गोळा फेकायच्या रांगेत गुडघ्यांवर बसली होती. निघालं ग्राउंड.”

मी तिला तिथेच मिठी मारली, लोक बघत होते तरी. मग तिने माझा मोबाइल मागितला आणि आबांना लावला. मी तिचा हात धरला. “अगं, लेखी बाकी आहे अजून. यादी लागू दे, मग सांगू. मागच्या वेळचं आठवतं ना?”

तिने माझा हात बाजूला केला. “आबा, निघालं ग्राउंड माह्यं. हो, खरंच. लेखी बाकी हाये. नाई, गुपचूप नाई ठेवायचं. साऱ्या वस्तीले सांगा, आताच सांगा.” पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले. ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “नाई निघाली लेखी तं नाई निघाली. तेही मीच येऊन सांगीन त्याइले.”